बारा जणांचं मंडळ, दहा बाय बाराची खोली : पाच अभंगांच्या रेकॉर्डिंगचा अनुभव

मावळातल्या एका भजनी मंडळाचे पाच अभंग आम्ही घरच्या स्टुडिओत रेकॉर्ड केले. एप्रिल २०२५ मध्ये पहिला फोन आला आणि १४ जूनला, म्हणजे देहूहून तुकोबांची पालखी निघायच्या चार दिवस आधी, त्यांतले चार अभंग ऑनलाइन आले. मधल्या काळात माइक आणि सॉफ्टवेअरपेक्षा जास्त वेळ गेला तो मंडळाच्या मनात काय आहे हे समजून घेण्यात आणि आमच्या खोलीतून काय निघू शकतं हे त्यांना वेळेवर सांगण्यात. नव्याने स्टुडिओ थाटणाऱ्यांना आणि पहिल्यांदाच रेकॉर्डिंगला निघालेल्या मंडळांना उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

पहिल्या फोनवर बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "एका अभंगाचे किती घेता?" तिथेच आकडा सांगू नये. तो आकडा समोरच्याच्या डोक्यात पक्का बसतो आणि मग वाद्यं वाढली, अभंग लांबला, चाल बदलली तरी तोच राहतो. फोन करणारे मंडळाचे खजिनदार होते. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न पाठवले : किती जण, कोणती वाद्यं, प्रत्येक अभंग किती मिनिटांचा, पट्टी कोणती, रेकॉर्डिंग कशासाठी हवंय, कधीपर्यंत हवंय आणि शेवटचा शब्द कुणाचा. सोबत प्रत्येक अभंगाचं मोबाइलवर केलेलं साधं रेकॉर्डिंगही मागितलं. ते कसंही असो, त्यातून लय, लांबी आणि तयारी किती आहे ते कळतं.

उत्तर यायला आठवडा गेला. बुवा, दोन साथीचे गायक, हार्मोनियम, पखवाज, विणेकरी आणि सहा टाळकरी असे बारा जण. अभंग सात ते नऊ मिनिटांचे. "कधीपर्यंत" या प्रश्नाला उत्तर होतं, "पालखीच्या आधी." "शेवटचा शब्द कुणाचा" याला होतं, "सगळ्यांचा." हे दुसरं उत्तर आलं की सावध व्हावं.

आमची खोली दहा बाय बारा फुटांची आहे. त्यात बारा माणसं दाटीवाटीने बसतील, पण वेगळी रेकॉर्ड होणार नाहीत. टाळ प्रत्येक माइकमध्ये शिरेल आणि बुवांचा आवाज वाढवावा तर टाळही वाढेल. मंडळाला दोन वाटा सांगितल्या. एक, त्यांच्याच देवळाच्या सभामंडपात सगळ्यांचं एकत्र रेकॉर्डिंग. त्यात जिवंतपणा येतो, पण चूक झाली तर अख्खा अभंग पुन्हा म्हणावा लागतो आणि दगडी मंडपाचा घुमारा नंतर काढता येत नाही. दुसरी, स्टुडिओत थर लावत जाणं : आधी बुवा, हार्मोनियम, पखवाज, नंतर साथ, शेवटी टाळ आणि वीणा. घुमारा मिक्सिंगमध्ये, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र बसवताना, घालता येतो. मंडळाने दुसरी वाट निवडली. दोन्ही वाटांचे तोटे त्यांनी आधी ऐकले होते, त्यामुळे पुढे "देवळात केलं असतं तर" हा विषय निघाला नाही.

हनुमान जयंती झाल्यावर बुवा, खजिनदार आणि पखवाजवादक असे तिघे स्टुडिओ बघायला आले. येताना आवडती दोन रेकॉर्डिंग आणायला सांगितलं होतं. त्यांनी आणलेल्या एका रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिनचा ताफा, बासरी, संतूर आणि कोरस होता. ते स्टुडिओच्या स्पीकरवर लावून एकेक वाद्य मोजलं. मग विचारलं, "बुवा, यातलं नेमकं काय आवडतं?" त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "शब्द स्वच्छ कळतात." ही मागणी पुरी करता येण्यासारखी होती. व्हायोलिनची अपेक्षा तिथेच गळून पडली. न आवडलेलं एखादं रेकॉर्डिंगही जरूर मागावं. त्यांनी आणलेल्यात टाळ इतके चरचरत होते की दोन मिनिटांत कान दुखले. "असं नको" हे वाक्य आम्ही जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं, पुढे ते फार कामाला आलं.

मग पैसे. रेकॉर्डिंग ताशी ६०० रुपयांनी तीस तास, म्हणजे १८,०००. मिक्सिंग अभंगामागे ३,५०० म्हणजे १७,५००. मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात, अभंगामागे १,००० म्हणजे ५,०००. एकूण ४०,५००. यातले १६,२०० तारीख पक्की करताना, १२,१५० रेकॉर्डिंग संपल्यावर आणि १२,१५० अंतिम फायली देण्याआधी. तीस तासांत माइक लावणं, वाद्यं मिळवणं आणि चहा हे सगळं धरलं आहे, हे तोंडाने सांगून कागदावरही लिहावं. माणसं दारात आल्यापासून पहिला सूर रेकॉर्ड होईपर्यंत सहज दीड तास जातो. ग्राहकाच्या मते तो वेळ फुकट गेलेला असतो. वर्गणीचे पैसे होते, त्यामुळे प्रत्येक हप्त्याची पावती मंडळाच्या नावाने दिली. आमची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असल्याने जीएसटी लावला नाही आणि तसं पावतीवर लिहिलं.

करारनामा मराठीत, एका पानाचा. ५०० रुपयांचा मुद्रांक घ्यायचा का, असा प्रश्न निघाला. दोन्ही बाजूंना साध्या कागदावरच्या सह्या पुरेशा वाटल्या. मंडळ नोंदणीकृत नव्हतं, म्हणून करार बुवा आणि खजिनदार या दोघांच्या नावाने केला. त्यातली काही कलमं इथे सांगतो, कारण पुढची बरीच भांडणं त्यांनी वाचवली. मंडळाकडून एकच माणूस बोलेल : बुवा. मिक्सनंतर दुरुस्तीच्या दोन फेऱ्या किमतीत धरल्या आहेत, पुढे ताशी ५०० रुपये. दुरुस्त्या लेखी आणि मिनिट-सेकंदासह द्यायच्या. पुन्हा गाणं किंवा पुन्हा वाजवणं ही दुरुस्ती धरली जाणार नाही, ते नवं रेकॉर्डिंग. वीज गेली किंवा जोराचा पाऊस आला तर सत्र पुढे जाईल आणि कुणी कुणाला पैसे मागायचे नाहीत. कच्चे ट्रॅक सहा महिने सांभाळू, नंतर पुसले जातील. आणि ध्वनिमुद्रणाचा मालक मंडळ, स्टुडिओ नव्हे. कायद्यात ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. ते कोण, हे कागदावर स्पष्ट असलेलं बरं.

चालींचा प्रश्न याच बैठकीत निघाला. संतांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण चाल अलीकडच्या संगीतकाराची असेल तर ती त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइटमध्ये असते. पाचांपैकी एका अभंगाची चाल एका गाजलेल्या रेकॉर्डिंगवरून उचललेली होती. मंडळातल्या तरुणांना ती पारंपरिकच वाटत होती. कॉपीराइट कायद्याच्या ३१-सी कलमाखाली कव्हर, म्हणजे तेच गाणं आपण नव्याने गाऊन रेकॉर्ड, करता येतं, पण मूळ रेकॉर्डिंगचं वर्ष संपून पाच वर्षं झालेली असावी लागतात, आधी सूचना द्यावी लागते आणि किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. वर्गणीतून हे होण्यासारखं नव्हतं. बुवांनी त्याच अभंगाची जुनी वारकरी फडावरची चाल काढली आणि ती बसवायला दोन आठवडे मागितले. तारीख पुढे गेली, पण रेकॉर्डिंग झाल्यावर हे कळलं असतं तर अख्खा अभंग बाजूला ठेवावा लागला असता.

अक्षय तृतीयेनंतरच्या आठवड्यात रेकॉर्डिंग सुरू झालं. वेळ सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी चार ते साडेआठ. रात्री दहानंतर आवाजाचे नियम कडक होतात, आणि त्याआधीही शेजाऱ्यांशी संबंध चांगले ठेवायचे असतात. सोसायटीच्या सचिवांना तारखा आधीच देऊन ठेवल्या होत्या. गुरुवार टाळला, आमच्याकडे वीज दुरुस्तीची कामं बहुतेक गुरुवारीच निघतात.

लयीबद्दल एक निर्णय माइक लावण्याआधी घ्यावा लागतो. मेट्रोनोम वापरायचा की नाही? भजनात लय चढत जाते आणि गजरापर्यंत ती जवळपास दुप्पट होते. मेट्रोनोम लावला तर ती चढण मरते. न लावला तर एका ठिकाणची चांगली ओळ उचलून दुसरीकडे बसवता येत नाही, कारण दोन्ही ठिकाणी लय वेगळी असते. ग्राहकाला वाटतं, "कॉम्प्युटरवर सगळं जोडता येतं." म्हणून मोबाइलवरच्या त्यांच्याच रेकॉर्डिंगमधलं धृपद एकदा सुरुवातीचं आणि एकदा शेवटचं शेजारी ठेवून ऐकवलं. दोन्ही जुळत नाहीत हे पखवाजवाल्या दादांनी सगळ्यांच्या आधी ओळखलं आणि म्हणाले, "मग एका दमात वाजवू." मेट्रोनोम लावला नाही.

पट्टीचंही असंच. देवळात रात्री बुवा काळी दोनमध्ये गातात. सकाळी दहाला, गळा तापायच्या आत, तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लागताना ताण ऐकू येत होता. पट्टी खाली घेणं बुवांना कमीपणाचं वाटू शकतं, म्हणून तो पर्याय काढलाच नाही. गाणं संध्याकाळच्या सत्रात नेलं, सकाळी वाद्यांची जुळवाजुळव आणि टाळ ठेवले. हार्मोनियम ट्यूनरवर तपासली तर ४४० हर्ट्झच्या प्रमाणापेक्षा जराशी चढी निघाली. जुन्या पेट्यांचं असं असतं. अशा वेळी तानपुरा आणि पखवाज पेटीला मिळवून घ्यावेत, कारण पेटीचे सूर खोलीत बसून बदलता येत नाहीत.

मांडणी अशी : पखवाजाला दोन माइक, शाईच्या (उजव्या) आणि कणकेच्या (डाव्या) बाजूला प्रत्येकी आठ-दहा इंचांवर. हार्मोनियमला वरून दीड फुटावर एक, भात्याच्या विरुद्ध बाजूला कललेला, म्हणजे भात्याची धाप कमी येते. बुवा शेजारच्या खोलीत, मोठ्या डायफ्रामच्या कंडेन्सर माइकसमोर, सात-आठ इंचांवर, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे तोंडाची फुंकर अडवणारी जाळी. दार उघडं ठेवलं तर आवाज शिरतो, बंद केलं तर नजरानजर होत नाही. भजनात नजर लागतेच, म्हणून दाराच्या काचेतून पखवाजवादक दिसेल असं बुवांना बसवलं. रेकॉर्डिंगचा दर्जा २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आवाजाची पातळी उणे १२ डीबीच्या आसपास. भजनी माणूस तिसऱ्या कडव्याला पहिल्यापेक्षा बराच मोठा गातो, त्याला जागा ठेवावी लागते.

पहिली दोन मिनिटं रेकॉर्ड करून लगेच ऐकवायची, हा नियम कधीच मोडू नये. आधी कोरडं, म्हणजे घुमारा न घालता, ऐकवायचं. बुवांनी हेडफोन लावला आणि त्यांचा चेहरा पडला. "हा माझा आवाज वाटत नाही." वर्षानुवर्षं दगडी मंडपात स्वतःला ऐकलेल्या माणसाला आवाज शोषणारं रॉकवूल लावलेल्या खोलीतला आवाज उघडा वाटणारच. शिवाय आपला आवाज आपण कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, माइक तो तसा ऐकत नाही. हे समजावलं, मग तीच दोन मिनिटं घुमारा घालून ऐकवली. बुवा म्हणाले, "हां, आता देवळात आलो." त्या घुमाऱ्याची थोडी मात्रा त्यांच्या हेडफोनमध्ये कायमची ठेवली. हा प्रसंग पहिल्या तासात घडला तर दहा मिनिटांत मिटतो. मिक्स पाठवल्यावर घडला तर विश्वासच जातो.

मे महिना, पंखा बंद, एसी बंद. एका अभंगानंतर दहा मिनिटं दार उघडावंच लागतं. पखवाजाची कणीक उकाड्यात वाळते आणि डाव्या बाजूचा आवाज चढतो, त्यामुळे प्रत्येक अभंगाआधी ती ओल्या हाताने सारखी करायची आणि उजवी बाजू लाकडी गठ्ठ्यांनी पुन्हा मिळवायची. मंडळाला हे सांगावं लागत नाही, त्यांना ते आपल्यापेक्षा चांगलं कळतं. सांगावं लागतं ते इतकंच, की हा वेळ तीस तासांतला आहे.

मग पाऊस आला. २०२५ चा मे महिना ज्यांनी महाराष्ट्रात काढला त्यांना तो आठवत असेल. २६ तारखेला मान्सून मुंबईत दाखल झाला आणि त्याच्या आधीपासूनच आमच्याकडे रोज कोसळत होता. खिडकीवरच्या पत्र्यावर पडणारी सर माइकमध्ये स्वच्छ येते आणि दमट हवेने पखवाजाची चामड्याची पुडी सैल पडते. दोन सत्रं पुढे ढकलली. कलम आधी लिहिलेलं होतं म्हणून पैशांचा विषय निघाला नाही, पण पालखीची तारीख जवळ येत होती आणि दोन्हीकडे ताण होता. खजिनदार रोज सकाळी विचारायचे, "आज जमेल का?" "बघू" असं उत्तर देऊ नये. पाऊस चालू असेल तर दुपारी दोनला नक्की कळवतो, असं ठरवलं आणि रोज दोनला कळवलं.

टाळांपाशी सगळ्यात नाजूक गोष्ट आली. सहा टाळकरी एकदम लहान खोलीत वाजले की वरच्या कंपनांचा नुसता कल्लोळ होतो. शिवाय ठरलेल्या लयीशिवाय रेकॉर्ड झालेल्या पखवाजावर सहा जणांनी नंतर वाजवलं की लय चढते त्या वळणावर टाळ फुटतात, एकाच आघाताचे चार आघात ऐकू येतात. ध्वनीच्या दृष्टीने उत्तर सोपं होतं : दोघेच चांगले टाळकरी घ्यायचे. पण सहाही जण इतकी वर्षं त्या मंडळात उभे आहेत. चौघांना "तुम्ही नको" म्हणणं आम्हाला पटत नव्हतं आणि तो निर्णय स्टुडिओचा नव्हेच. बुवांना अडचण सांगितली, दोन आणि सहा टाळांचं रेकॉर्डिंग शेजारी शेजारी ऐकवलं आणि थांबलो. त्यांनी जोड्या केल्या. वेगवेगळ्या अभंगांना वेगवेगळी जोडी, आणि गजराला मात्र सहाही जण. माइक सहा फूट लांब, टाळांच्या पातळीच्या थोडा वर. पखवाजवादक समोर बसून हाताने लय दाखवत राहिले, त्याने वळणावर टाळ एकत्र पडले. गजरात थोडी फुटाफूट राहिली आणि ती तशीच ठेवली. गजरात ती खपते. नामावलीत बाराही नावं गेली, प्रत्येकाने आपलं नाव कसं लिहायचं ते स्वतः लिहून दिलं.

सूरदुरुस्तीबद्दल बहुतेकांच्या डोक्यात एक टोक असतं : "मशीन सगळं सुधारतं" किंवा "मशीन लावलं म्हणजे फसवणूक". एकच ओळ घेऊन दोन्ही दाखवलं. आपोआप दुरुस्ती लावली की मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, पायऱ्या चढल्यासारखी तुटते आणि मुरकी सपाट होते. हाताने एखादा ठेहरावाचा सूर किंचित सरकवला तर कळतही नाही. ठरलं ते असं : फक्त लांब धरलेले सूर, तेही बुवांना विचारून.

पहिला मिक्स जूनच्या सुरुवातीला ड्राइव्हच्या लिंकने पाठवला, सोबत सूचना : इअरफोनवर ऐका, गाडीत ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर ठरवू नका. मोबाइलचा इवलासा स्पीकर खालचा आवाज काढूच शकत नाही, त्यामुळे पखवाजाचा धुमा गायब होतो आणि लगेच "पखवाज ऐकू येत नाही" असा निरोप येतो. तरी तो आलाच. मंडळाच्या ग्रुपवर एकाला टाळ कमी हवे होते, दुसऱ्याला जास्त. पेटीवाल्यांना पेटी वर हवी होती. इथे एकच माणूस बोलेल हे कलम धावून आलं. बुवांनी सगळ्यांना बसवलं, ऐकवलं आणि एक यादी पाठवली : "अभंग दोन, ३:४०, साथ मोठी. अभंग चार, १:१५, 'विठ्ठल' शब्द दबला." वहीतलं "असं नको" आम्ही टाळांच्या वादात त्यांना आठवून दिलं आणि टाळ खालीच राहिले. दुसऱ्या फेरीत मोजक्याच जागा उरल्या. एका साथीदारांना आपली एक ओळ पुन्हा गायची होती. ते नवं रेकॉर्डिंग होतं, पण तीस तासांतला थोडा वेळ शिल्लक होता, तो त्यासाठी वापरला.

मास्टरिंगनंतर "दुसऱ्यांची गाणी आमच्यापेक्षा मोठी वाजतात" ही तक्रार ठरलेली. स्पॉटिफाय, यूट्यूबसारख्या सेवा फार मोठी गाणी स्वतःच खाली आणतात, म्हणून आम्ही उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या मोठेपणाचं माप) आसपास आणि सर्वोच्च पातळी उणे १ डीबी ठेवतो. त्यांचं आवडतं गाणं आणि त्यांचा अभंग सारख्या पातळीवर आणून एकामागून एक ऐकवले. समजावण्यापेक्षा हे लवकर पटतं.

प्रकाशनाला वेळ लागतो आणि तो आपल्या हातात नसतो, हे ग्राहकाला पहिल्याच बैठकीत सांगून ठेवावं. वितरकाला, म्हणजे गाणी ऑनलाइन सेवांवर पोचवणाऱ्या कंपनीला, मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेलचं, कलाकारांची नावं देवनागरी आणि रोमन दोन्हीत, आणि प्रत्येक अभंगाचा आयएसआरसी, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक, लागतो. भारतात हे क्रमांक इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था देते, बरेच वितरकही आपल्याकडून देतात. यूट्यूबवर व्हिडिओ आधी खाजगी ठेवून चढवावा, म्हणजे कॉपीराइटची तपासणी प्रकाशनाआधी होते. पारंपरिक चालीच्या एका अभंगावर कुणाचा तरी कॉपीराइटचा दावा निघाला. हरकत घेतली की दावेदाराला उत्तर द्यायला तीस दिवस असतात आणि तेवढे आपल्याकडे नव्हते. हरकत नोंदवून तो अभंग मागे ठेवला, १४ जूनला चार आले. पाचवा दावा सुटल्यावर, आषाढीनंतर आला. पालखीआधी पाचही हवे होते, त्यामुळे मंडळ खट्टू झालं. पण असं होऊ शकतं हे त्यांना एप्रिलपासून माहीत होतं.

शेवटचा हप्ता यूपीआयने आल्यावर पेनड्राइव्ह दिला. त्यात २४ बिट वेव्ह, ३२० केबीपीएस एमपी३, बुवांच्या आवाजाविना केलेला मिक्स आणि नामावलीची फाइल. बुवांविनाचा मिक्स मागितला नसला तरी द्यावा, मुलांना सरावाला लागतो. कच्चे ट्रॅक वेगळे हवेत का, ते विचारलं : एका मिनिटाला एका ट्रॅकचे साधारण ८.६ एमबी, चौदा ट्रॅकच्या आठ मिनिटांच्या अभंगाचे जवळपास एक जीबी. खजिनदारांनी हार्ड डिस्क आणून दिली, प्रती घेतल्याची सही केली आणि आमच्याकडची प्रत पुसण्याची तारीख पावतीच्या मागे लिहून घेतली.